ऐकणाऱ्याच्या वाट्याची तीन मोत्यं

थंडी पडायला लागली (म्हणजे आपल्याकडे जेवढी पडते तेवढी) की ठाण्यात आणि नवी मुंबईत महोत्सवांचे फलक लागतात. साहित्य महोत्सव, ग्रंथोत्सव, कला महोत्सव. कुठे उपवनच्या तळ्याकाठी, कुठे वाशीच्या एखाद्या सभागृहात. अलीकडे या फलकांवर दोन शब्द हमखास सापडतात, 'गोष्ट' आणि 'संवाद'. गोष्टींतून संवाद, कथांतून संवाद, चला गोष्टींतून बोलू या. कल्पना चांगलीच आहे. माझी तक्रार इतकीच की गोष्ट होते, टाळ्या होतात, आभारप्रदर्शन तर होतंच होतं, आणि संवाद तेवढा राहून जातो. लोक आळशी आहेत, मोबाइलमध्ये बुडालेत, म्हणून तो राहतो असं आयोजक सांगतात. मला ते पटत नाही. ऐकणाऱ्यालाही काही सांगायचं असेल, याची आपल्या कार्यक्रमपत्रिकेत सोयच नसते.

पत्रिका डोळ्यांसमोर आणा. दीपप्रज्वलन, स्वागतगीत, शाल-श्रीफळ, प्रायोजकांचं मनोगत. पाहुण्यांना घोडबंदर रोडच्या वाहतुकीने गाठलेलं असतं, त्यामुळे सगळं आधीच पाऊण तास मागे पडलेलं. मग परिसंवाद. विषय 'आजची मराठी कथा : दिशा आणि आव्हाने' किंवा त्याचाच सख्खा भाऊ. पाच वक्ते, सहावे अध्यक्ष. शेवटच्या वक्त्याच्या हातात चिठ्ठी सरकते आणि निवेदिका गोड आवाजात सांगते की वेळेअभावी प्रश्नोत्तरं घेता येणार नाहीत. हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलंय की आता प्रश्नोत्तरं झाली तर चुकल्यासारखं वाटेल.

परिसंवादातून बोलणं फुलत नाही याचा दोष वक्त्यांच्या वकुबाला देऊ नये. 'मूल्यांचा ऱ्हास होतो आहे' या विधानावर श्रोता काय बोलणार? मान हलवणार. त्यात त्याला धरायला काही नाही, खोडायलाही काही नाही. उलट कुणी एवढंच सांगितलं की आमच्या सोसायटीत एक भाडेकरू घरात सुकट भाजतो म्हणून त्याला घर सोडायला लावलं, आणि त्या दिवशी सेक्रेटरी काय बोलले, भाडेकरूची आई काय बोलली, की निम्मं सभागृह खुर्चीत सरसावून बसतं. प्रत्येकाच्या जिभेवर आपली सोसायटी, आपला जिना, आपला सेक्रेटरी येतो. कुणाला भाडेकरूचं पटेल, कुणाला सेक्रेटरीचं. भांडण झालं तरी ते मुद्द्यावरचं होईल, कारण सुकटीचा वास सगळ्यांना ठाऊक आहे. गोष्टीची ताकद ही आहे. तिच्यातला तपशील ऐकणाऱ्याला आत यायला जागा देतो.

हे आपल्याला कुणी बाहेरून शिकवायची गरज नव्हती. श्रावणातल्या आदित्यराणूबाईच्या कहाणीत एक तपशील आहे, त्याकडे आपलं लक्ष जात नाही. गरीब ब्राह्मण आपल्या एका लेकीकडे जातो, म्हणतो माझी कहाणी आहे ती ऐक. लेक राजाघरी दिलेली. ती सांगते, मला वेळ नाही, राजाला पारधीला जायचंय. दुसरी लेक मात्र बसून ऐकते. एकीच्या घरी दारिद्र्य येतं, दुसरीच्या घरी भाग्य, हा व्रतकथेचा नेहमीचा हिशेब झाला. पुढे राणी वाटेत कहाणी ऐकणारा शोधत जाते. मोळीविक्या भेटतो. तिच्याजवळ सहा मोत्यं असतात. तीन ती त्याच्या हातात देते, तीन आपल्या हातात ठेवते आणि मग कहाणी सुरू होते. तिनं मनोभावे सांगितली, त्यानं चित्तभावे ऐकली. सांगणारी राणी आणि ऐकणारा मोळीविक्या, तरी वाटणी निम्मी-निम्मी! आमच्या आजीच्या पिढीच्या बायका कहाणी ऐकताना हातात अक्षता घेऊन बसायच्या, त्यामागेही हीच समज असावी. ऐकणं हे रिकाम्या हातानं करायचं काम नव्हतं. महोत्सवांत सहाच्या सहा मोत्यं व्यासपीठावर असतात, आणि श्रोत्याच्या हातात पाण्याची बाटली आणि प्रायोजकाची कापडी पिशवी.

कीर्तनाची मांडणीही अशीच विचारपूर्वक केलेली. नारदीय कीर्तनात पूर्वरंगात अभंग घेऊन प्रतिपादन करायचं, उत्तररंगात त्याला धरून आख्यान लावायचं. गोष्ट एकटी येत नाही, ती एका प्रश्नाच्या पाठीवर येते. गाडगेबाबांनी तर तेही मोडलं. ते समोर बसलेल्यांना सवाल टाकायचे आणि उत्तर लोकांच्याच तोंडून काढायचे. देव, कर्ज, दारू, लग्नातला खर्च, सगळ्यावर. हजारोंचा समुदाय आणि ध्वनिक्षेपकाची बोंब, तरी ते दुतर्फी बोलणं होतं. 'गर्दी मोठी असली की संवाद शक्य नाही' असं म्हणणाऱ्यांनी याचा विचार करावा.

मग बिनसलं कुठे? माझ्या मते कथाकथन हा रंगमंचीय कार्यक्रम झाला तिथे. हे लिहिताना जपून लिहायला हवं, कारण शंकर पाटील, द. मा. मिरासदार आणि व्यंकटेश माडगूळकर या तिघांनी कथाकथनातून जे केलं त्याचे उपकार मोठे आहेत. कधी पुस्तक हातात न घेणाऱ्या माणसापर्यंत त्यांनी मराठी कथा पोहोचवली. तिघंही पुढे अखिल भारतीय साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले, माडगूळकर १९८३ मध्ये अंबाजोगाईला, पाटील १९८५ मध्ये नांदेडला, मिरासदार १९९८ मध्ये परळीला. पण त्यांच्या यशातून पुढच्यांनी उचललं ते आवाज, विराम, हशा आणि टाळी. कथाकथन म्हणजे एकट्याचा प्रयोग अशी समजूत घट्ट झाली. नाटक संपल्यावर कुणी उठून 'माझ्याकडे असं झालं होतं' म्हणत नाही, तसं इथेही कुणी म्हणेनासं झालं.

आज तर नुसता प्रयोग ऐकण्यासाठी कुणी गडकरी रंगायतनपर्यंत येण्याचं कारण उरलेलं नाही. २०१७ पासून मराठी पुस्तकं ऐकवणारी ॲप्स आहेत, यूट्यूबवर कथाकथनाचा डोंगर आहे. कानात खुंटी घालून ऐरोली ते ठाणे प्रवासात अख्खी कथा संपते. महोत्सवाकडे असं काय आहे जे फोनमध्ये नाही? शेजारच्या खुर्चीवर बसलेला अनोळखी माणूस. आणि नेमका तोच गप्प राहील अशी व्यवस्था आपण करतो.

ठाण्यातल्या अशाच एका कार्यक्रमात एका कथाकारानं बंद पडलेल्या कारखान्यावरची कथा सांगितली. चांगली होती, थोडी गहिवरात गेली, पण चांगली होती. कार्यक्रम संपला, दिवे मालवायला लागले, आणि खाली चहाच्या टेबलापाशी खरी गंमत सुरू झाली. एक सत्तरीचे गृहस्थ कुणालाच उद्देशून नसल्यासारखे बोलू लागले. वागळे इस्टेटमध्ये ते टर्नर होते. म्हणाले, "कथेत मालक एकदम टाळं लावतो. असं होत नाही हो. आम्हाला वर्षभर आधी कळलं होतं. दिवाळीला बोनसऐवजी स्टीलचे डबे दिले, तेव्हाच." बाजूला पंचविशीची एक मुलगी चहाचा कागदी कप धरून उभी होती. तिनं विचारलं, "मग तुम्ही दुसरीकडे बघितलं नाही का?" ते म्हणाले, बघितलं असतं, पण ज्या लेथवर हात बसला तसा लेथ दुसरीकडे नव्हता, आणि शेवटी तो लेथ किलोच्या भावानं भंगारात गेला तेव्हा टेम्पोत चढवायला तेच होते. मुलगी जरा थांबून म्हणाली, "आमच्याकडे गेल्या महिन्यात कॅब बंद केली. नाश्ताही." कुणी हसलं नाही. मग तिथे नोटीस पीरियड, ग्रॅच्युइटी, युनियन होती म्हणजे नक्की काय होतं, ती का संपली, कुणी संपवली, अशी अर्धा तास चर्चा झाली. दोन-तीन जण तावातावाने बोलले. एकानं कामगार नेते दत्ता सामंतांचं नाव काढलं आणि दुसरा भडकला. त्या अर्ध्या तासात वरच्या मजल्यावरच्या सगळ्या परिसंवादांपेक्षा जास्त अर्थकारण झालं. सभागृहाचा शिपाई किल्ल्या वाजवत उभा राहिला, म्हणून थांबावं लागलं.

त्या गृहस्थांनी कथेतली चूक काढली, हे मला महत्त्वाचं वाटतं. 'असं होत नाही हो.' कथाकार तोवर पाहुण्यांच्या गाडीतून निघून गेले होते. हे वाक्य त्यांच्या कानावर पडायला हवं होतं. लेखकासाठी याहून मोलाचा अभिप्राय कुठला? वागळे इस्टेट ही एमआयडीसीची, म्हणजे राज्याच्या औद्योगिक विकास महामंडळाची, पहिली वसाहत, १९६२ची. तिथं घडलेलं आणि बिघडलेलं सांगू शकणारी माणसं अजून ठाण्यात राहतात, महोत्सवाला येतातही, मागच्या रांगांत बसतात. आपण त्यांना श्रोते म्हणतो.

नवी मुंबईत हा प्रश्न अधिक टोकदार होतो. जानेवारी २०२४ मध्ये वाशीला सिडकोच्या (नवी मुंबई वसवणाऱ्या सरकारी महामंडळाच्या) प्रदर्शन केंद्रात विश्व मराठी संमेलन भरलं होतं. मराठीचा एवढा मोठा सोहळा ज्या शहरात झाला, ते शहरच एका न संपलेल्या गोष्टीवर उभं आहे. १९७० मध्ये सिडको आली, ९५ गावांची जमीन नव्या शहरासाठी घ्यायची ठरली. भातखाचरं, मिठागरं, खाडी. जानेवारी १९८४ मध्ये जासई-दास्तान फाट्याकडे आंदोलक शेतकऱ्यांवर पोलिसांचा गोळीबार झाला, पाच जणांचा जीव गेला, दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखालच्या त्या लढ्यातून पुढे साडेबारा टक्के विकसित जमीन परत देण्याचं सूत्र आलं. नेरुळच्या किंवा खारघरच्या टॉवरमध्ये राहायला आलेल्या किती जणांना हे ठाऊक असतं? २०२१ मध्ये विमानतळाला दि. बां.चं नाव द्यावं म्हणून हजारो लोक रस्त्यावर उतरले, तेव्हा आमच्या ओळखीतल्या सुशिक्षितांची पहिली प्रतिक्रिया 'ट्रॅफिक किती झालं' ही होती. त्यांच्याशी वाद घालून उपयोग नसतो. जुहूगावातल्या किंवा करावेतल्या एखाद्या आजीनं आपल्या शेताचा बांध आत्ता कुठल्या सेक्टरच्या कुठल्या चौकात आहे हे सांगितलं, तर त्यातला एखादा तरी विचारेल की पैसे किती मिळाले होते. तिथून पुढचं बोलणं आपोआप होतं. त्याच सभेत एखादा टॉवरवाला असंही म्हणेल की मी कर्ज काढून घर घेतलंय, मी कुणाची जमीन लुटलेली नाही. त्यानंही म्हणावं. आजीनंही ऐकावं.

आणि गोष्ट सांगण्याची परंपरा या मातीत नाही असंही नाही. आगरी लग्नात धवलारीण धवले गाते, लग्नाचे सगळे विधी तिच्या कथनातून पुढे सरकतात. तुर्भ्याच्या बाजारात पाठीवर गोणी वाहणारा माथाडी कामगार साताऱ्याकडून आलेला, मशीद बंदरापासून इथपर्यंत बाजार कसा हलला याचा तो चालताबोलता दस्तावेज. यांना बोलावलं जातं, नाही असं नाही. 'लोककला दर्शन' या सदराखाली, रात्री साडेनऊला, जेवणाच्या घंटेआधी. म्हणजे पाहण्यासाठी. त्यांच्याशी बोलण्यासाठी बोलावल्याचं मी तरी पाहिलेलं नाही. दिल्लीच्या २०२५च्या संमेलनाच्या अध्यक्षपदी तारा भवाळकर होत्या, ज्यांनी आयुष्यभर लोकपरंपरेतल्या बायकांच्या शब्दांत विचार असतो हे दाखवलं. त्याचा आनंद आपण सगळ्यांनी साजरा केला. त्याचा पत्रिकेवर परिणाम व्हायला काय हरकत आहे?

व्यासपीठावर कोण आणि सतरंजीवर कोण, हा मराठी साहित्याच्या सार्वजनिक आयुष्यातला पहिल्यापासूनचा वाद आहे. १८७८ मध्ये न्यायमूर्ती रानड्यांच्या अध्यक्षतेखाली पुण्यात ग्रंथकारांची पहिली सभा भरली. १८८५ च्या दुसऱ्या सभेचं निमंत्रण महात्मा फुल्यांना गेलं आणि त्यांनी ते पत्र लिहून नाकारलं. त्या 'घालमोड्या दादां'च्या सभेशी आमचा मेळ बसत नाही, हा त्याचा सूर. सभेत काय बोललं गेलं ते आज थोड्यांनाच आठवतं, पत्र मात्र अजून वाचलं जातं. दीडशे वर्षांच्या संमेलनपरंपरेतला सर्वांत गाजलेला संवाद न येणाऱ्यानं केलाय, हे आयोजकांनी भिंतीवर लावून ठेवण्यासारखं आहे.

आता दुसरी बाजू, आणि ती हलकी नाही. गोष्ट बोलणं सुरू करते तशी ती बंदही करू शकते. कुणी रडत आपला अनुभव सांगितला की त्यावर प्रश्न विचारणं असभ्य ठरतं. 'हे माझं जगणं आहे' म्हटलं की समोरच्याचे आकडे, कायदा, दुसरी बाजू, सगळं निष्प्रभ. शिवाय गोष्टी सगळेच सांगतात. घोडबंदरच्या टॉवरची जाहिरातही गोष्टच सांगते, तिच्यात येऊरचं जंगल असतं आणि पाण्याचा टँकर नसतो. 'स्टोरीटेलिंग' ज्यांच्या तोंडी सर्वांत जास्त असतं ते माल विकणारे लोक आहेत. म्हणून नुसती गोष्ट सांगितली की संवाद झाला, हे भाबडेपण मला मान्य नाही. गोष्टीनंतर उलटतपासणीची मुभा हवी. टर्नरकाकांनी जसं 'असं होत नाही' म्हटलं, तसं टर्नरकाकांनाही कुणी म्हणू शकलं पाहिजे. दलित आत्मकथनं आली तेव्हा महाराष्ट्रात घरोघरी, कॉलेजांत, समाजाच्या आतही कडाक्याचे वाद झाले, आणि त्या वादांनी साहित्य मोठं झालं. वादाला घाबरून संवाद होत नसतो.

वाद म्हणजे गोंधळ नव्हे, हेही खरं. ठाण्यात साहित्य संमेलन १९८८ मध्ये वसंत कानेटकरांच्या आणि २०१० मध्ये उत्तम कांबळेंच्या अध्यक्षतेखाली झालं. २०१०चं आठवायला सांगा, बऱ्याच जणांना स्मरणिकेतल्या एका उल्लेखावरून झालेला गदारोळ पहिला आठवेल. अध्यक्षीय भाषणात काय होतं ते किती जणांना आठवेल, सांगता येत नाही. आयोजकांना माईक खाली द्यायची धास्ती वाटते ती यामुळेच. आणि दुसरी धास्तीही मी समजू शकतो. माईक खाली आला की तो आधी एका ठरावीक जमातीच्या हाती जातो. हे गृहस्थ 'माझा प्रश्न नाही, पण दोन शब्द' म्हणून उभे राहतात आणि स्वतःच्या चार संग्रहांची नावं सांगून बसतात. सभागृहाचं भाडं तासांवर असतं, आणि पाहुण्यांना शेवटची जलद गाडी पकडायची असते.

यावर उपाय अवघड नाहीत. मत मागू नका, प्रसंग मागा. 'तुम्हाला काय वाटतं' विचारलं की भाषण मिळतं, 'तुमच्याकडे काय झालं' विचारलं की गोष्ट मिळते आणि ती दोन मिनिटांत संपते. हजार खुर्च्यांचं सभागृह एकदा उद्घाटनाला वापरा, बाकी वेळ शाळेचे वर्ग घ्या. पंचवीस-तीस माणसं गोल बसली की माईकच लागत नाही. कोपनहेगनमध्ये २००० साली सुरू झालेल्या 'मानवी ग्रंथालया'त तर वाचक पुस्तकाऐवजी एक माणूसच थोड्या वेळासाठी 'उसना' घेतो आणि त्याच्याशी बोलतो. ज्या ठाण्यात १८९३ पासून मराठी ग्रंथ संग्रहालय चालू आहे, त्या गावाला एवढं जमू नये?

जमतंच, हे आपले कट्टे सांगतात. घंटाळीचा आचार्य अत्रे कट्टा, घोडबंदरकडचा ब्रह्मांड कट्टा, किरण नाकतींचा अभिनय कट्टा. हार-तुऱ्यांचा पसारा नाही, वक्ता आणि श्रोता यांच्यात पाच पावलांचं अंतर. ठाण्याच्या कट्ट्यांनी जे साधलं ते लाखांचे मांडव घालूनही साधत नाही. पण कट्ट्यांचीही एक अडचण आहे, ती बोलून दाखवायला हवी. संध्याकाळच्या साहित्यिक कट्ट्यांवर केस बहुतेकांचे पांढरे असतात. पोरं दुसरीकडे आहेत, कॅफेतल्या ओपन माईकवर, तीही गोष्टीच सांगतायत, हिंदी-मराठी-इंग्रजीच्या मिश्रणात, आणि तिथे आई-बापांच्या वयाचं कुणी नसतं. दोन्हीकडे आपापल्यांनाच आपापल्या गोष्टी सांगणं चाललंय. या दोघांना एका सतरंजीवर बसवण्याएवढी जागा, पैसा आणि निमित्त फक्त महोत्सवाकडे असतं. त्या चहाच्या टेबलापाशी ते योगायोगाने झालं. ते घडवून आणता येतं.

त्यामुळे मागणी अगदी किरकोळ आहे. महापालिकेची आणि सरकारची मदत घेणाऱ्या महोत्सवांनी प्रत्येक गोष्टीच्या सत्रातला निम्मा वेळ श्रोत्यांच्या नावावर छापावा, पत्रिकेत, ठळक अक्षरांत, वक्त्यांच्या नावाखाली. तो वेळ चिठ्ठीनं खाता येणार नाही असं सूत्रसंचालकाला बजावावं. कथाकारानं तो संपेपर्यंत खुर्ची सोडू नये, ही मानधनाची अट असावी. आणि सभागृह नऊला रिकामं करायचं असेल, तर मानपत्रं वाचू नका, कुरियरने घरी पाठवा.